चार बंदुकांचे चार ठिपके

एकदा एक नेमबाज चार बंदुका घेऊन स्पर्धेत उतरला आणि हरला. बरं, एकदाच हरला असता तर गोष्ट वेगळी. हा गडी ओळीने तीन वर्षं हरत होता.

रणधीर त्याचं नाव. यंत्रातून मातीच्या तबकड्या सुटतात, कधी डोक्यावरून, कधी आडव्या, तर कधी जमिनीवरून सशासारख्या उड्या मारत. त्या निसटण्याआधी फोडायच्या, असा हा खेळ. रणधीरने उंच जाणाऱ्या तबकड्यांसाठी लांब नळीची बंदूक घेतली, उड्या मारणाऱ्या या 'सशां'साठी आखूड नळीची, आडव्यांसाठी तिसरी, आणि घरची जुनी होतीच. पठ्ठ्याने तयारीत कसूर म्हणून ठेवली नव्हती. तरी राज्याच्या संघात त्याची निवड काही होईना.

माळावरच्या मैदानात फौजेतून निवृत्त झालेले आप्पा त्याला आठ वर्षं शिकवत होते. दसरा होऊन चार दिवस झाले असतील. रणधीर त्यांच्यापुढे येऊन बसला.

"आप्पा, यंदा शेवटचं. पुढच्या महिन्यात निवड आहे. नाही जमलं तर बंदुका विकतो आणि मोकळा होतो. इतकं करूनही पदरात काही पडतच नाही हो!"

आप्पा उठले, त्यांनी शस्त्रपूजेतलं उरलेलं कुंकू काढलं आणि पाण्यात कालवलं. चारही बंदुका रिकाम्या असल्याची खात्री केली. मग प्रत्येकीच्या दस्त्यावर, गाल टेकतो त्या जागी, कुंकवाचा ठिपका लावला.

"डोळे मीट," ते म्हणाले. "मी देईन ती बंदूक खांद्याला लावायची, गाल टेकवायचा, खाली घ्यायची. विचार करायचा नाही."

आप्पांचं वय झालं, असं रणधीरच्या मनात येऊन गेलं. पण त्याने मुकाट्याने सांगितलं तसं केलं. चौथी बंदूक खाली घेतल्यावर आप्पांनी त्याला गाडीच्या आरशासमोर उभं केलं. एक ठिपका डोळ्याखाली, एक जबड्यावर, एक ओठाशी, एक थेट कानापाशी!

"आप्पा, दसऱ्यातच शिमगा केलात की माझा!" रणधीर हसला. मग त्याने आरशात पुन्हा एकदा नीट पाहिलं.

आप्पा म्हणाले, "बाळा, तबकडी दोन-तीन क्षण दिसते. तेवढ्यात तुझी नजर तिच्यावर हवी. पण तुझा गाल अजून आपली जागाच शोधतोय. बंदूक बदलली की त्याला पुन्हा नव्याने ओळख करून घ्यावी लागते. आणि दुसरी गोष्ट ऐक, राग मानू नकोस. चार बंदुका असल्या की चूक ढकलायला चार जागा मिळतात. आठ वर्षं तू मला बंदुकांचे दोष सांगतोयस, तुझा एकही नाही. तरुणपणी मीही हेच केलं. माझी संघातली जागा त्यातच गेली, म्हणून सांगतो."

रणधीरची मान खाली गेली. त्याने विचारलं, "मग कोणती ठेवू?"

"कोणतीही. पण एकच."

त्याने घरची जुनी उचलली. महिनाभर तिच्याशिवाय दुसरीला हात लावला नाही.

निवडीच्या दिवशी त्याने सुरेख नेम धरले. उंच फुटल्या, आडव्या फुटल्या. नेम धरायच्या शेवटच्या जागेवर मात्र एक ससा न फुटताच निसटला. सवयीने त्याने मागे वळून गाडीकडे पाहिलं. गाडीत दुसरी बंदूक नव्हती. त्याने श्वास घेतला, आपल्या पायांकडे पाहिलं, डावा पाय जरा पुढे सरकवला आणि उरलेले सगळे ससे फोडले.

संघ हुकला, तोही एका तबकडीने. आप्पा फाटकाशी उभे होते.

रणधीरच बोलला. "तो ससा माझ्यामुळे गेला, आप्पा. पाय आखडून उभा होतो, वळायला जागाच उरली नाही. उद्या लवकर येऊ का? पायांचंच बघू."

आप्पांनी होकारार्थी मान हलवली.

बंदुका विकण्याचा शब्द रणधीरने त्याच आठवड्यात पाळला. तीन विकल्या.