कोंडिबाच्या हाताचं पोलाद

या गोष्टीला किती पावसाळे लोटले, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. एका डोंगराच्या पायथ्याशी मेंढपाळांची वाडी होती. तिथे ठकू आणि तिचा नवरा कोंडिबा राहत. पाऊस सरला की दोघं मेंढरं घेऊन घाट उतरायची आणि उन्हाळा संपता संपता परत यायची. तीस वर्षं हा नेम चुकला नव्हता.

त्या वर्षी मात्र ठकूचा गुडघा धरला. चार पावलं चालली की तिला खाली बसावं लागे. शेवटी कोंडिबा म्हणाला, "या खेपेला तू घरीच राहा. मी बाकीच्यांबरोबर जाऊन येतो."

ठकू बरं म्हणाली, पण तिच्या जिवाला चैन पडेना. तीस वर्षांत हा माणूस एकटा कधी जेवला नव्हता. आपण नाही तर नाही, आपली एखादी वस्तू तरी त्याच्या सोबत असावी, असं तिला वाटलं.

कोंडिबाचा घडीचा चाकू जुना झाला होता. पातं झिजून गवताच्या पात्याएवढं उरलं होतं. मेंढपाळाला चाकू तर घडोघडी लागतो. खुरात रुतलेला काटा काढायचा, वाढलेलं खूर तासायचं, कोकराची नाळ कापायची, सांजेला भाकरीबरोबर कांदा चिरायचा. ठकूने ठरवलं, नवा चाकू द्यायचा, आणि तोही असा की त्याहून चांगला कुठे मिळू नये.

तिने स्वतःसाठी विणलेली घोंगडी काखेत मारली आणि शेजाऱ्याच्या बैलगाडीत बसून लोहाराचं गाव गाठलं.

लोहार म्हातारा होता आणि आपल्या कामात मुरलेला होता. त्याने तीन चाकू तिच्यापुढे मांडले. तिन्ही दिसायला सारखे होते. तिन्हींचं पातं मुठीत मिटत होतं.

"मुठी सारख्या आहेत, पोलाद वेगळं आहे," लोहार म्हणाला. "हे पहिलं फार कडक. वर्षभर धार उतरणार नाही. पण दगडावर पडलं तर टवका उडेल, आणि धार गेलीच तर साध्या दगडाला दाद देणार नाही. माझ्याच धार लावायच्या सहाणेवर आणावं लागेल. हे दुसरं गंजत नाही. खाडीवरचे कोळी हेच नेतात. धार मात्र बेताचीच धरतं. आणि हे तिसरं नरम आहे. चार दिवसांत बोथट होईल, पण ओढ्यातल्या दगडावर घासलं की पुन्हा तयार. पुसून ठेवलं नाही तर गंजेल."

ठकूने पहिला चाकू उचलला. लोहाराने विचारलं, "वापरणार कोण? कशावर? आणि धार कोण लावणार?"

"माझे मालक मेंढरं घेऊन जाणार आहेत," ठकू म्हणाली. "धार लावायलाच लागू नये असा हवा. दिवसभर रानात फिरून दमलेला माणूस. त्याला आणखी दगड घासत कशाला बसवायचं?"

"बाई, रानात माझी सहाण नसते."

"वर्षभर धार टिकते म्हणालात ना, दादा? मग सहाण लागतेय कशाला?"

तिच्या चेहऱ्यावरची माया पाहून लोहाराने आणखी समजावलं नाही. त्याने घोंगडी घेतली आणि चाकू फडक्यात गुंडाळून दिला.

कोंडिबा निघाला तेव्हा ठकूने चाकू त्याच्या हातावर ठेवला. त्याने पातं उघडून मनगटावरचा एक केस कापून पाहिला आणि हसला. "असा चाकू आपल्या वाडीत कुणाकडे नसेल," तो म्हणाला. ठकूला त्या दिवशी गुडघ्याचं दुखणं आठवलंच नाही.

दोन महिने गेले. एके सकाळी कोंडिबाबरोबर गेलेला रावजी नावाचा मेंढपाळ तट्टू घेऊन दारात उभा राहिला.

"वहिनी, चला," तो म्हणाला. "दादांचा हात चिघळलाय. जीवाला भीती नाही, पण तापात तुमचं नाव घेतात."

तीन दिवसांची वाट होती. तट्टावर बसूनही गुडघा ठणकत होता. ठकूने वाटेत एकदाही थांबा म्हटलं नाही.

कोंडिबा आंब्याच्या झाडाखाली पडला होता. उजवा हात पाल्याच्या लेपाने बांधलेला होता. तिला पाहून तो उठून बसला आणि आधी तिच्या गुडघ्याकडे बघत म्हणाला, "कशाला आलीस एवढ्या लांब?"

हळूहळू सगळं कळलं. पहिल्याच महिन्यात चाकू हातातून निसटून खडकावर पडला होता. पात्याचा टवका उडाला. कोंडिबाने रोज सांजेला तो ओढ्यातल्या दगडावर घासला, पण पोलादाने त्या दगडाला जुमानलं नाही. मग एका मेंढीच्या खुरात बाभळीचा काटा मोडला. बोथट पात्याने काटा निघेना. त्याने जोर लावला, पातं सटकलं आणि तळहातात खोल शिरलं.

"रावजीचा चाकू का मागून घेतला नाहीत?" ठकूने विचारलं.

कोंडिबा म्हणाला, "तू दिलेला खिशात असताना दुसऱ्याचा कसा मागू? लोक म्हणाले असते, बायकोने दिलेला चाकू कामाचा नाही."

ठकूच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी लोहाराकडे सगळ्यात चांगला मागितला. तुम्ही कुठे असता, काय करता, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी ते मनात आणलं नाही."

"अगं, आणि चाकू चालत नाही म्हणून मी तरी कुठे निरोप धाडला?" कोंडिबा म्हणाला, आणि डाव्या हाताने त्याने तिचा पदर तिच्याच डोळ्यांना लावला.

ती पंधरा दिवस तिथे राहिली. तिने लेप बदलले, भाकऱ्या थापल्या. जखम भरली, पण दोन बोटं काही पुरती मिटेनात. परत निघताना तिने ओढ्यातला एक दगड उचलून ओटीत बांधला.

रावजी तिला पोचवायला निघाला होता. ती घरी न जाता त्याला घेऊन थेट लोहाराकडे गेली आणि टवका उडालेला चाकू त्याच्यापुढे ठेवला. लोहाराने तो फिरवून पाहिला. तो तिला काही टाकून बोलला नाही.

"पोलाद वाईट नाही," तो म्हणाला. "मी घासून नीट करतो. चांभाराला देईन. तो घरात बसून कातडं कापतो, सहाणही त्याची जवळच असते. त्याच्याकडे हा जन्मभर टिकेल. तुला मात्र मी त्या दिवशी नीट समजावायला हवं होतं."

"समजावलं होतंत, दादा. मीच ऐकलं नाही. आता ते उरलेले दोन दाखवा."

ठकू खाली बसली. तिने दोन्ही पाती भट्टीच्या दगडी कठड्यावर घासून मुद्दाम बोथट केली. मग ओटीतला दगड काढला, त्यावर पाणी शिंपडलं आणि दोन्ही पाती सारखीच घासली. मेंढीच्या लोकरीचा पुंजका धरून कापून पाहिलं. न गंजणारं पातं लोकरीवरून घसरलं. नरम पात्याने पुंजका अलगद तोडला.

तेवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. तिने आपल्या उजव्या हाताची दोन बोटं दोरीने बांधली आणि उरलेल्या बोटांनी नरम पात्याचा चाकू उघडायचा प्रयत्न केला. तो उघडेना. लोहार काही न विचारता पुढे झाला. त्याने बिजागरी थोडी सैल केली आणि पात्यावर अंगठा अडकेल अशी खाच पाडली. तिने पुन्हा करून पाहिलं. अंगठा टेकवताच पातं उघडलं.

तो चाकू, गंजू नये म्हणून करडईच्या तेलाची बुधली आणि तो दगड तिने रावजीबरोबर कोंडिबाकडे धाडला.

उन्हाळ्याच्या शेवटी कळप परत आला. कोंडिबाने अंगणात बसून एका मेंढीचं खूर तासायला घेतलं. दोन बोटं तशीच ताठ होती, पण पातं अंगठ्यासरशी उघडलं आणि खुराचे पातळ काप पडू लागले.

"तिकडे रोज घासावा लागत असेल ना?" ठकूने विचारलं.

"दर चार दिवसांनी," तो म्हणाला. "सांजेला ओढ्यावर बसायचो. तेवढाच वेळ तुझी आठवण काढायला मिळायचा."

ठकू त्याच्याजवळ बसली आणि तिने मेंढीचा दुसरा पाय धरला.

मुलांनो आणि मोठ्यांनो, ज्याच्यावर माया आहे त्याला काही देताना आधी त्याचं काम आणि त्याचा हात समजून घ्यावा.