येसूचा परवाना

येसूला सूर्य मावळायच्या आत सातनळीचं राज्य सोडून जायचा हुकूम झाला. ती घाटापलीकडच्या राज्यातली. सातनळीच्या भिकोबा कासाराशी लग्न करून दोनच महिन्यांपूर्वी इथे नांदायला आली होती. पण खोटी लग्नं लावून परके लोक राज्यात घुसतात, अशी महाराजांना पक्की शंका. म्हणून नवराबायकोला वेगवेगळं उभं करून तेच प्रश्न विचारायचे, उत्तरं जुळली तरच हुकूम रद्द आणि राहायचा परवाना!

त्यांचं एक उत्तर जुळेल तर शपथ.

"काल रात्री भाजी कसली होती?" भिकोबा म्हणाला दोडक्याची, येसू म्हणाली पडवळाची.

"घोरतं कोण?" दोघांनी एकमेकांची नावं घेतली.

"शेवटचं भांडण कधी झालं?"

"आमच्यात भांडण होतच नाही, महाराज," भिकोबा म्हणाला.

"आज सकाळीच झालं," येसू म्हणाली.

"हे कसलं लग्न?" महाराज गरजले. भिकोबाचा चेहरा उतरला. येसूने मात्र पदर सावरला.

"महाराज, उत्तरं पाठ करून आलो असतो तर जुळली असती. ज्यांच्या लग्नाविषयी कुणालाच शंका नाही, अशा एखाद्या जोडप्याला हेच विचारून बघावं."

"कुणाला विचारू?"

"मी परकी बाई. मला इथलं एकच मोठं जोडपं ठाऊक आहे." तिने हळूच राणीसाहेबांच्या पडद्याकडे पाहिलं.

महाराजांनी मिशीवर ताव दिला. "खुशाल विचारा. वीस वर्षांत आमचा एकदाही वाद झालेला नाही."

पडद्याआडून शांत आवाज आला, "मग आत्ता दरबारात येताना झाला तो काय होता?"

सरदार आपापल्या पायांकडे बघू लागले. महाराज क्षणभर गोरेमोरे झाले आणि मग असे हसले, की भालदाराच्या हातची काठी निसटली.

"चिटणीस, हिचा परवाना लिहा."

"किती मुदतीचा लिहू, महाराज?"

महाराजांनी येसूकडे पाहिलं. "सांग, किती?"

"आमचं भांडण मिटेपर्यंतचा," येसू म्हणाली.

"म्हणजे जन्मभराचा!" महाराज पुन्हा खदखदून हसले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने शिक्का उमटवला. पडद्याआडून येसूसाठी जरीकाठी लुगडं आलं. भिकोबाला मात्र राणीसाहेबांचा वेगळा निरोप होता: भाजी कसली आहे, ते नीट बघून जेवत जा.