दातपाड्या सफरचंदाची अढी

फार फार पूर्वी, तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनाही दात यायचे होते तेव्हा, विलायतेत एक गाव होतं. तिकडे सूर्य पाहुण्यासारखा यायचा. जरा टेकायचा, लगेच निघायचा.

त्या गावात दर घरामागे सफरचंदाचं एक झाड. आणि आपण गाईम्हशींना ठेवतो तसं प्रत्येक झाडाला नाव. एक 'मेंढीनाक्या', एक 'लाजरी', एक 'पाद्रीबुवाचं पोट'. ऐन थंडीत सगळा गाव थाळ्या बडवत झाडांपुढे गाणी म्हणायचा. फांद्यांत भाजलेला पाव अडकवायचा, मुळाशी सफरचंदाचा रस ओतायचा. पाव पाखरांना, रस झाडाला. उरलेला रस कुणाला, ते सांगायला नको.

गावाच्या टोकाला एक म्हातारी राहायची. तिच्या झाडाचं नाव 'दातपाड्या'. फळ हिरवं नि खडबडीत, बेडकाच्या पाठीसारखं. नवरा गेला, पोरं लांब गेली. तिच्याजवळ राहिलं ते हे झाड.

एका वर्षी धक्क्याला जहाज लागलं, मग ते येतच राहिलं. आत परदेशी सफरचंदं. लालभडक, त्यांच्यात तोंड बघून भांग पाडावा अशी. गाव येडं झालं.

गावचा कारभारी म्हणाला, "ही ठेवायला कोठार बांधू. जागा म्हातारीच्या झाडाची. नाहीतरी ते फळ खातं कोण?"

पण गावाची एक रीत होती. झाड तोडायच्या आधी सगळ्यांनी त्याचं फळ शेवटचं खायचं, तेही धन्याच्या हातून.

पानगळीत कारभारी कुऱ्हाड घेऊन आला. त्याने फांदीवरचं एक फळ ओढलं, चावलं, नि गाल धरून खाली बसला.

"आजी, हे फळ आहे का नदीतला गोटा?"

"माझ्या हातून खाल्लंस का? नाही ना? मग हे धरायचं नाही."

"बरं, मग वाढा."

"वाढीन की. पण कधी, ते मी ठरवणार. रीतीत दिवस सांगितलाय कुठे?"

कारभाऱ्याने डोकं खाजवलं. खरंच, दिवस कुठे सांगितला नव्हता.

म्हातारीने सगळी फळं उतरवली. माळ्यावर गवत अंथरलं आणि एकाला दुसरं टेकणार नाही अशी मांडली. आपल्याकडे आंब्याची अढी घालतात ना, तशीच. गावालाही पूर्वी हे ठाऊक होतं. पण आयतं पिकलेलं मिळायला लागलं नि विसरले सगळे.

कारभारी दर आठवड्याला यायचा.

"आजी, आज?"

"आज नाही. गुडघे दुखतायत."

"गुडघ्यांचा काय संबंध?"

"तुझे दुखायला लागले की कळेल."

तो गेला की म्हातारी माळ्यावर चढायची. अंगठ्याने एक फळ दाबून बघायची. दगड! अढी बिघडली तर झाड गेलं.

समुद्र खवळला. जहाज यायचं बंद झालं. घराघरातली लाल सफरचंदं वरून चकचकीत राहिली आणि आतून सडली. हिवाळा सरत आला तेव्हा परसातली फळंही संपली होती. म्हातारीचा माळा सोडला तर अख्ख्या गावात एक फळ नव्हतं.

एका सकाळी म्हातारीला जाग आली ती वासाने. तिने अंगणात येऊन थाळी बडवली.

"या रे सगळे! वाढलंय!"

गाव आला. कुऱ्हाडही आली. म्हातारीने प्रत्येकाच्या हातावर एकेक फळ ठेवलं. पिवळं, सुरकुतलेलं, तिच्याच गालासारखं. कारभाऱ्याने आधी गाल धरला, मग डोळे मिटून चावा घेतला.

आणि डोळे उघडले. मधासारखं गोड, मागे जराशी आंबट आठवण. नुसता चावायचा आवाज.

"माझ्या आजीच्या माळ्यावर असा वास यायचा," कारभारी हळूच म्हणाला. मग जरा लाजत, "अजून एक मिळेल?"

"रीत एकाचीच आहे. तोड आता झाड."

कारभाऱ्याने कुऱ्हाड भिंतीला टेकवली. खिशातून छोटा चाकू काढला.

"आजी, एक डहाळी द्याल? परसात कलम बांधीन म्हणतो."

"एकच हं," म्हातारी म्हणाली. तोवर त्याच्या मागे अख्ख्या गावाची रांग लागली होती.

कोठार झालंच, पण दुसरीकडे. आत गवत अंथरलेलं. आणि पुढच्या थंडीत भाजलेला पहिला पाव दातपाड्याच्या फांदीवर चढला.

म्हणून लक्षात ठेवा: आपल्या मातीतलं फळ आपल्याच वेळेला पिकतं, ती वेळ यायच्या आधी कुऱ्हाड उचलू नये.