टिटवीचा अर्ज

त्या माळावर सगळ्यांना शांतता हवी होती, आणि ती आपल्याला मिळालेली आहे याबद्दल कोणाच्याही मनात शंका नव्हती. ज्यांच्या मनात ती येई त्यांच्यासाठी वेगळी सोय होती. त्यांनी अर्ज करायचा होता.

याला कारणही तसंच होतं. काही वर्षांपूर्वी खालच्या दलदलीतली रानडुकरं वर आली होती आणि चार महिने माळावर शिंगं, सुळे, नखं यांना उसंत नव्हती. शेवटी रानडुकरं हरली. जिंकणाऱ्यांनी त्यांचे सुळे सगळ्यांदेखत दगडावर घासून बोथट करायला लावले, त्यांना दलदलीत परत हाकललं, आणि असं पुन्हा घडू नये म्हणून नदीकाठच्या अर्जुनाच्या झाडाखाली एक सभा स्थापन केली. सभेचे प्रमुख झाले सांबरराव. त्यांचे दोन तरणे मुलगे त्या झुंजीत गेले होते. ‘झुंज’ हा शब्द ऐकला तरी त्यांचे गुडघे थरथरत, आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

सभेची रीत साधी होती. ठराव वाचला की ज्याला तो मान्य असेल त्याने मान खाली घालून नाक जमिनीला टेकवायचं. सगळ्यांची नाकं टेकली की ठराव मंजूर. कासव हे सभेचं कारकून होतं. ते एकेक नाक निरखून पाही आणि पळसाच्या पानावर नखाने नोंद करी.

टिटवी नदीकाठच्या गोटाळीवर, उघड्या खड्यांत अंडी घालून राहायची. पूर्वी काही वेडंवाकडं दिसलं की ती ओरडायची आणि माळ सावध व्हायचा. पण झुंज संपल्यावर तिच्या आवाजाने लोकांचा घास घशात अडकू लागला. मग सभेने ठरवलं की टिटवीने ओरडण्याआधी अर्ज करावा. धोका कोणता, किती लांब, कोणत्या दिशेने, सगळं लिहून द्यावं. पुढच्या सभेत तो वाचला जाईल.

“आणि तोवर धोका जवळ आला तर?” टिटवीने विचारलं होतं.

“तर अर्जात तसं लिहायचं,” कासव म्हणालं.

दलदलीत एका नव्या रानडुकराचं बस्तान बसू लागलं, तेव्हा सभेने त्याला बोलावून घेतलं. तो आला आणि आल्या आल्या त्याचं मुस्कट नागरमोथ्याच्या कंदांसाठी मातीत शिरलं. सभा संपेपर्यंत तो उकरत राहिला. ‘रानडुकरांनी दलदलीची हद्द ओलांडू नये’ असा ठराव वाचला गेला तेव्हाही त्याचं नाक जमिनीत चांगलं वीतभर आत होतं. कासवाने वाकून पाहिलं आणि लिहिलं : मान्य. सगळ्यांना हायसं वाटलं. इतका नम्र प्राणी आपण उगाच दूर ठेवला, असंही दोघंतिघं बोलले.

तो दलदलीत परतला आणि आपल्या कळपाला रोज सांगू लागला की तुमच्या भुकेचं कारण आटलेलं पाणी नाही, ते कारण म्हणजे तो सुळे घासायचा दगड. एका म्हाताऱ्या डुकरिणीने काहीतरी उलट विचारलं. दुसऱ्या दिवसापासून ती कोणाला दिसली नाही. त्यानंतर तिथेही सगळे ठराव एकमताने मंजूर होऊ लागले, फक्त त्यांना पानं लागत नसत.

टिटवीने अर्ज केला : सुळे वाढले आहेत. सभेने तिघांची समिती नेमली. समितीने लांबूनच पाहणी केली आणि सुळे कंद उकरण्यापुरतेच आहेत असा निर्वाळा दिला.

मग एका सकाळी कळप सशांच्या कुरणात शिरला. टिटवीला राहवलं नाही, ती अर्ज न करताच ओरडली. सांबररावांनी तिला बाजूला घेऊन समजावलं, आणि ते स्वतः दलदलीकडे निघाले. वाटेत त्यांना दोनदा बसावं लागलं, इतके ते थकलेले होते. संध्याकाळी परतले ते शिंगांत पळसाचं पान अडकवूनच. कुरण रानडुकरांचं, त्यापुढे ते एक पाऊल टाकणार नाहीत. नाक टेकवून कबूल केलंय!

माळावर नुसता जल्लोष झाला. मोर अवेळी नाचले. आणि खरं सांगायचं तर टिटवीलाही हायसं वाटलं. तिची चार अंडी होती, जोडीदार मागच्याच उन्हाळ्यात घारीने नेला होता, आणि कुरण गेलं म्हणजे गोटाळी वाचली, एवढंच तिच्या चिमुकल्या डोक्यात त्या संध्याकाळी शिरलं. ससे रात्री सामान आवरावं तसे निमूट उठून नदीतल्या दगडांवरून पलीकडच्या काठावर गेले. जाताना एक म्हातारी सशीण टिटवीजवळ थबकली.

“बाई, तू ओरडलीस हे बरं केलंस,” ती म्हणाली. “कोणी ऐकलं नाही ते सोड.”

टिटवीने मान फिरवली. तिला त्या म्हातारीच्या डोळ्यांत बघवेना.

बारा दिवसांनी रानडुकराला गोटाळी हवी झाली. तिथलं पाणी उथळ आहे, कळपाला अंघोळीला बरं, एवढंच त्याचं म्हणणं होतं. सांबरराव टिटवीकडे आले ते नजर चुकवतच.

“टिटवीबाई, ही शेवटची मागणी आहे.”

“कुरण शेवटचं होतं ना?”

“तेव्हा ते शेवटचं होतं.” त्यांनी सुस्कारा सोडला. “तुमची चार अंडी आहेत. माळावर चारशे पिल्लं आहेत. मी काय करू, तुम्हीच सांगा.”

“चारच दिवस द्या. अंडी फुटतील. पिल्लं सुकली की लगेच चालतात, तुम्हाला ठाऊक आहे. मग ही गोटाळी घ्या, नाहीतर माझी पिसं घ्या.”

“तीन दिवस,” सांबरराव म्हणाले. “त्याने तीनच दिलेत.”

दुसऱ्या दिवशी सभेत ठराव वाचला गेला. एकेक नाक खाली गेलं. टिटवीने मान ताठ ठेवली. सभेच्या इतिहासात असं पहिल्यांदाच होत होतं, त्यामुळे सगळे कासवाकडे बघू लागले. कासवाने टिटवीला चारी बाजूंनी पाहिलं, घसा साफ केला आणि निर्णय दिला की टिटवीची मान मुळातच इतकी तोकडी आहे की ती खाली गेली की वर राहिली हे सांगता येत नाही. सबब ती खाली गेली असं धरावं. ठराव एकमताने मंजूर झाला. पुन्हा सगळ्यांना हायसं वाटलं. या वेळी एकट्या टिटवीला वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तीन अंडी फुटली. पिल्लं ओली, काटकुळी, पायांवर नीट उभीही न राहणारी. चौथ्या अंड्याला नुसती चीर गेली होती. टिटवी त्याच्यावर चोच टेकवून आतली टकटक ऐकत होती, तेवढ्यात गोटाळीच्या वरच्या अंगाला खडे वाजले. रानडुक्कर मुदतीआधीच निघाला होता. मुस्कट नेहमीसारखं जमिनीत, आणि त्यामागे नांगरल्यासारखी उकरलेली वाट.

टिटवीने पिल्लांना खड्यांत दबून बसायला लावलं आणि ती त्याच्या वाटेत जाऊन पडली. एक पंख मोडल्यासारखा लोंबता सोडून ती फरफटत निघाली. तिच्या आईने केलं होतं, आजीनेही केलं होतं. गोटाळीवर राहणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही. रानडुकराचं मुस्कट तिच्या वासामागे वळलं. दहा पावलं, वीस पावलं, करवंदीच्या जाळीपर्यंत तिने त्याला ओढून नेलं. आणि मग उडाली. उडाली ती ओरडतच. कोणती दिशा, किती लांब, काही सांगत बसली नाही. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं तिने एकदम आभाळात मोकळं केलं.

वरून तिला दिसलं. बाकीचा कळप दुसऱ्या बाजूने अर्जुनाच्या झाडाकडे येत होता. सभा भरलेली होती. टिटवीने गोटाळी दिल्याबद्दल आभाराचा ठराव चालू होता आणि सगळ्यांची नाकं जमिनीला टेकलेली होती. कळप त्यांच्यापासून जेमतेम शंभर पावलांवर होता.

“माना वर करा!” टिटवी किंचाळली. “अहो, माना वर करा!”

आधी एका भेकराने वर पाहिलं, मग दोघांनी, मग सगळेच उठले. पळापळ झाली. काहींना लागलं, एका म्हाताऱ्या नीलगाईचा पाय मोडला, पण त्या ओरडण्याने जी शंभर पावलं मिळाली तेवढ्यांत सगळा माळ नदीत उतरला. टिटवी गोटाळीवर परतली तेव्हा चौथं पिल्लू कवचातून बाहेर पडून धापा टाकत होतं. सुकायला वेळ नव्हता. ती पुढे, चार पिल्लं मागे, अशी ती पाण्यातल्या दगडांवरून निघाली. शेवटच्या दगडावर धाकटं घसरलं. म्हाताऱ्या सशिणीने काठावरून पाय पुढे केला आणि त्याला वर ओढलं.

“चारही?” तिने विचारलं.

“चारही,” टिटवी म्हणाली, आणि मग तिला रडूच फुटलं.

ससे सरकले, त्यांनी जागा केली. माळ एकेक करून ओला, चिखलाने भरलेला काठावर आला. कोणी कोणाला परवानगी विचारली नाही. फक्त कासव तेवढं पाण्यातून वर येता येता पळसाचं पान जपत होतं.

पलीकडे, माळाच्या काठावर रानडुक्कर आला. मागे त्याचा अख्खा कळप. तो पहिल्या दगडापाशी थांबला आणि त्याने मुस्कट खाली नेऊन दगड हुंगला.

“त्याने नाक टेकवलंय,” कासव सवयीने म्हणालं. नख पानावर आलेलं होतं. “मान्य लिहू का?”

सांबरराव पुढे झाले. सभेला येणाऱ्यांनी शिंगांची टोकं झाकायला गुळवेल गुंडाळायची, असा नियम होता. त्यांची ती वेल प्रवाहात सुटून कुठे वाहून गेली होती. ते अजूनही थरथरत होते. तसेच थरथरत ते गुडघाभर पाण्यात उतरले, शेवटच्या दगडासमोर चारही खूर रोवून उभे राहिले आणि त्यांनी सावकाश मान खाली घातली. नाक पाण्याच्या वर वीतभर थांबलं. शिंगांची सगळी टोकं पलीकडच्या काठाकडे झाली. त्यांच्या डाव्या हाताला नीलगायींचा नर येऊन उभा राहिला, उजव्या हाताला साळिंदर.

टिटवीने चारही पिल्लं पोटाखाली घेतली. त्यांची धडधड तिला पिसांतून जाणवत होती. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिला खरोखर हायसं वाटलं.

पलीकडे रानडुकराने मान वर केली.