तळहातावरचं दही

एका गावात एक गवळी होता, आणि त्याच्या गोठ्यात म्हशींच्या रांगेत दोन सिंह बसत. हसू नका, आधी ऐका.

झालं असं, की रानात एक सिंहीण साप चावून मेली आणि तिची दोन पिल्लं गवळ्याला गवतात सापडली. त्याने ती घोंगडीत गुंडाळून घरी आणली. गवळणीला मूलबाळ नव्हतं. तिने त्यांना म्हशीच्या दुधावर वाढवलं आणि नावंही गुरांचीच ठेवली. नराला चांद्या, मादीला तांबू. दुसरी नावं तिला सुचलीच नाहीत.

गवळणीचा एक नेम होता. घराबाहेर निघालेल्याच्या हातावर दही ठेवायचं, म्हणजे तो सुखरूप घरी येतो. पिल्लं रोज सकाळी म्हशींबरोबर रानात हुंदडायला जात, तेव्हा ती त्यांनाही दही देई. सिंहाला हात कुठून आणायचा? म्हणून आपल्याच तळहातावर घेऊन चाटवी. दिवेलागणीला सगळे परत.

बघता बघता दोघे वाढले. रानात डुकरं मारून पोट भरू लागले. एकदा ताक न्यायला आलेल्या सुतारासमोर चांद्याने नुसती जांभई दिली, तर तो गडी लोटा टाकून पळाला तो थेट सासुरवाडीला पोचला. मग पाटील आले.

"गवळ्या, अवसेपर्यंत यांना रानात सोड. त्यानंतर गावात दिसले तर भालेवाले येतील. मग मला बोल लावू नकोस."

गवळी दोघांना डोंगरापलीकडे सोडून आला. संध्याकाळी बघतो तर दोघे गोठ्यात, आपापल्या जागी. नदीपलीकडे सोडलं, तर ओले होऊन आले. वाट दिसू नये म्हणून झाकलेल्या गाडीतून दूरच्या रानात नेलं, तरी आले. गावात ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळंच. कुणी म्हणे मुहूर्त चुकला, कुणी म्हणे गवळ्याच्या अंगाच्या दुधाच्या वासावर येतात. गवळ्याचं डोकंच चालेना.

मग एका सकाळी गवळण विहिरीवर गेली होती आणि चांद्या तिच्या मागे मागे गेला होता. गवळ्याने घाईघाईने गाडी जुंपली आणि एकट्या तांबूला सोडून आला. तांबू त्या दिवशी परतली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्याने चांद्याला त्याच गाडीतून त्याच जागी नेऊन सोडलं. दिवेलागणीला चांद्या हजर.

गाडी तीच, जागा तीच, आणि एक जातो, एक येतो. हे काय गौडबंगाल? मी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझीही मती गुंग झाली होती.

गवळणीच्या मनात भलतंच. "तांबूला माझी माया नव्हती का हो?" ती म्हणाली. अवस तर उद्यावर आलेली.

चांद्या उठून तिच्यापाशी आला. त्याने दुधाच्या चरवीकडे पाहिलं नाही. तिच्या उजव्या तळहाताला नाक लावलं आणि शांतपणे खाली बसला, दिवसभराचं काम उरकल्यासारखा.

गवळण हाताकडे बघत राहिली. "अहो, तांबू गेली तेव्हा मी विहिरीवर होते. तिला दही दिलंच नव्हतं."

गवळ्याने कपाळावर हात मारला. "दही चाटलं की संध्याकाळी घरी यायचं, हेच ते लहानपणापासून शिकलेत. खरं सांग, याने जावं असं तुला वाटतं ना?"

"नाही वाटत. पण त्याला भाले लागावेत असंही वाटत नाही. मला काही कळेनासं झालंय."

दुसऱ्या दिवशी तिने राखेने हात घासून धुतले आणि स्वतः गाडीत बसून रानापर्यंत गेली. चांद्या खाली उतरला आणि सवयीने तिच्या हातापाशी आला. हात कोरडा होता. त्याने तो एकदा चाटला, पुन्हा चाटला, मग मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले. तो थोडा पुढे गेला, थांबला, मागे वळला. ती जागची हलली नाही. आता कुठे जायचं हे त्याला कळत नव्हतं आणि आपण केलं ते बरं की वाईट हे तिला कळत नव्हतं. शेवटी तो गवतात शिरला.

अवस सरताच भालेवाले आले, गोठ्यात डोकावले आणि आल्या पावली परत गेले. म्हशींच्या रांगेत दोन जागा रिकाम्या होत्या.

सकाळी गवळणीने सवयीने तळहातावर दही घेतलं. दारात कुणीच नव्हतं. मग तिने ते स्वतःच खाल्लं. रडत खाल्लं, पण सगळं खाल्लं.

तात्पर्य: तोंडाने जा म्हणायचं आणि हाताने परत बोलवायचं, अशाने कुणी मोकळा होत नाही.