गुडघाभर निळं पाणी

एका गावात एक माणूस होता, त्याला दर रविवारी पंख फुटत. त्याचं नाव जयवंत कुबल. एरवी तो एसटी स्टँडसमोर आपल्या फोटो स्टुडिओत बसलेला असे. रविवारी मात्र पाठीवर पंख्याचं इंजिन बांधी, डोक्यावर लाल-पिवळ्या कापडाचं छत्र उघडी, किनाऱ्यावरून दहा-पंधरा पावलं धावे आणि बघता बघता माडांच्या वर जाई. इंजिनाचा आवाज आला की गावातली कुत्री भुंकत आणि बायका वाळत घातलेली मासळी उगाच झाकून ठेवत.

वरून तो गावाचे फोटो काढी. खाडी, माड, कौलं, देवळाचा कळस. लोक ते फोटो बोटं लावून लावून बघत. "ही आमची विहीर," एक म्हणे. "तुमची कसली, ती माझी पडवी," दुसरा म्हणे. जयवंतला ते भांडण ऐकून फार बरं वाटे.

पण त्याच्या हाताला एक खोड होती. लग्नाच्या फोटोत नवरीच्या गालावरची पुटकुळी पुसायची, नवऱ्याला जरा उजळ करायचं, हे काम त्याने वीस वर्षं केलं होतं. तक्रार कुणीच केली नव्हती. केली असती तर नवरीनेच केली असती, आणि ती कशाला करते?

त्या वर्षी पावसाने लवकर उघडीप दिली. नारळी पौर्णिमा झाली आणि होड्या समुद्रात लोटायची वेळ आली. आता या गावात एक जुनी रीत होती. पावसाळ्यात खाडीच्या तोंडातली वाळू दरवर्षी जागा बदलते. गेल्या वर्षी जिथे खोल होतं, तिथे यंदा वाळूचा पट्टा असतो. म्हणून पहिली होडी बाहेर पडायच्या आधी म्हातारे भिवाआबा ओहोटीच्या वेळी लहान होडीतून जात, लांब बांबू पाण्यात टोचून खोली बघत आणि खोल वाटेच्या दोन्ही अंगांना काठ्या रोवत. गाव त्या काठ्यांमधून ये-जा करी.

यंदा भिवाआबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्याला खारं पाणी लागू द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "दुसऱ्या कुणाला तरी पाठवा," आबा म्हणत होते. तेवढ्यात जयवंतने खाडीच्या तोंडाचा मोठा फोटो मढवून मच्छीमार सोसायटीच्या भिंतीवर लावला.

फोटो खरोखर देखणा होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत निळंशार पाणी. कोळ्याला शिकवावं लागत नाही, गडद निळं म्हणजे खोल आणि पिवळट म्हणजे वाळू. जयवंतच्या शेजारचा शांताराम फोटोपुढे उभा राहून म्हणाला, "सगळी खाडी मोकळी आहे की. आता बांबू टोचत कोण बसणार?"

सगळ्यांनी माना डोलावल्या.

भिवाआबा काळा चष्मा लावून कोपऱ्यात बसले होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "जयवंता, हा निळा रंग पाण्याचा की तुझा?"

खोलीत वीस माणसं होती. सगळी जयवंतकडे बघू लागली. खरं म्हणजे फोटोत पाणी गढूळ आलं होतं. देवळाच्या बाजूला एक लांब पिवळा पट्टा होता, डोंगराच्या बाजूला दुसरा. दोन्ही त्याने स्टुडिओत बसून निळे केले होते. गालावरची पुटकुळी पुसावी तसे.

"पाण्याचाच," जयवंत म्हणाला.

एवढा एकच शब्द. तो बोलल्यावर त्याचं त्यालाच कसंसं झालं. पण त्याने मनाची समजूत घातली. भरतीला होड्या कुठूनही जातात, उद्या सवडीने आबांना एकट्याला सांगू. दुसऱ्या दिवशी लोक त्याच्या पाठीवर थाप मारायला आले, आणि सांगायचं राहून गेलं.

रविवारी पहाटेच्या भरतीला तीन होड्या बाहेर पडल्या. कुठेच काही लागलं नाही. दुपारी जयवंत नेहमीसारखा उडाला. ओहोटी लागली होती, वारा वाढत होता. खाडीच्या तोंडावर आला आणि त्याने खाली पाहिलं. देवळाच्या बाजूचा पिवळा पट्टा आता पाण्याखाली लख्ख दिसत होता. त्याच्यावर लाटा फुटून पांढरा फेस होत होता. आणि बाहेरून एक होडी सरळ त्या पट्ट्याकडे येत होती.

होडी शांतारामची होती. आत पाच माणसं होती, आणि मासळीच्या भाराने होडीचा काठ पार पाण्याला टेकला होता. उसळत्या लाटेत अशी होडी वाळूवर बसली तर पुढची लाट तिला आडवी करते. हे त्या गावात लहान पोरालाही माहीत होतं.

जयवंत खाली खाली आला. हात हलवू लागला. ओरडू लागला. इंजिनाच्या आवाजात त्याचं ओरडणं त्याला स्वतःलाही ऐकू येईना. खिशातला फोन अंगावर बांधलेल्या पट्ट्यांखाली अडकला होता. होडीतल्या माणसांनी वर पाहिलं आणि त्यांना वाटलं, हा फोटो काढतोय. ते हसले. एकाने केसांवरून हात फिरवला. दुसऱ्याने मोठी सुरमई दोन्ही हातांनी उंच धरली. शांतारामने तर होडीचा वेग वाढवला, फोटो झोकात यावा म्हणून.

होडी आणि पट्टा यांच्यात आता दोनशे हातही उरले नव्हते.

तेव्हा त्याने यंत्राचे छातीवरचे आणि मांड्यांवरचे पट्टे सोडले, इंजिन बंद केलं आणि होडीपुढे, बरोबर त्या फेसात, छत्रासकट स्वतःला खाली सोडलं.

पाण्यावर आपटला. छत्र वाऱ्याने फुगलं आणि त्याला ओढू लागलं. कसंबसं त्याने पाठीवरचं यंत्राचं खोगीर झटकलं. यंत्र गेलं, छत्र गेलं, गळ्यातला कॅमेरा गेला. एक लाट डोक्यावरून गेली. ती ओसरल्यावर त्याचे पाय वाळूला लागले, आणि तो उभा राहिला.

होडीतल्या पाचही माणसांनी पाहिलं. फोटोत जिथे सगळ्यांत गडद निळं होतं, तिथे जयवंत कुबल गुडघाभर पाण्यात दोन्ही हात पसरून उभा होता.

शांतारामने सुकाणू एवढं जोरात फिरवलं की दुसऱ्याच्या हातातली सुरमई निसटून समुद्रात परत गेली. होडी कलली, एका अंगाने पाणी आत आलं, क्षणभर वाटलं उलटलीच. मग ती सावरली आणि बाहेरच्या खोल पाण्यात जाऊन थांबली. तिथून त्यांनी दोर फेकला आणि जयवंतला ओढून घेतलं. पुढे होडीच्या टोकाला, नाळेवर, एक माणूस बांबू घेऊन बसला, आणि पाणी टोचत टोचत होडी मुंगीच्या पावलांनी आत आली.

छत्र समुद्रात पडताना पाहून धक्क्यावर गाव जमलं होतं. सोसायटीचे चेअरमन धावतपळत शाल आणि नारळ घेऊन आले. "याने पाच घरं वाचवली," ते म्हणाले. "वाळू दोन दिवसांत सरकली, त्याला कोण काय करणार. बाहेरच्या दोन होड्यांना फोन लावा. म्हणावं, देवळाची बाजू सोडा, फोटोत दाखवलंय तसं डोंगराच्या बाजूने या."

एकाने फोन काढलाही.

जयवंत नखशिखांत भिजून उभा होता. दात वाजत होते. गप्प राहिला असता तर शाल त्याचीच होती. जन्मभर गावाने त्याचं नाव घेतलं असतं. पण डोंगराच्या बाजूचा दुसरा पट्टा एकट्या त्यालाच माहीत होता.

"फोन करू नका," तो म्हणाला. "म्हणजे करा, पण बाहेरच थांबायला सांगा. तिकडेही वाळू आहे. वाळू सरकली नाही. ती आधीपासून होती. ते निळं मी भरलं होतं."

शांताराम गर्दीतून पुढे आला.

"मूळ फोटो कुठाय?" शांतारामने विचारलं.

"पुसला."

"आबांनी विचारलं तेव्हा तोंडाला काय झालं होतं?"

"लाज वाटली. एवढी माणसं होती."

"आणि आम्ही पाच जण माणसं नव्हतो?" शांताराम म्हणाला. त्याचा आवाज वर गेला नाही, म्हणून तो जास्त लागला. मग तो सोसायटीत गेला, भिंतीवरून फोटो उतरवून आणला आणि जयवंतच्या हातात दिला. "चांगला आलाय. तुझ्या घरी लाव."

भिवाआबांनी स्वतः फोन घेतला. "नांगर टाका आणि भरती होईपर्यंत बाहेरच थांबा," त्यांनी दोन्ही होड्यांना सांगितलं. "भूक लागली तर मासळी आहे. घाई करू नका." दोन्ही होड्या तीन तास बाहेर हेलकावे खात राहिल्या. गाव धक्क्यावरून हललं नाही. भरती चढली, तेव्हा त्या वाळूच्या वरून सुखरूप आत आल्या.

पण ते नंतरचं. आबांनी फोन ठेवला तेव्हा चेअरमन अजून अर्धी उघडलेली शाल हातात घेऊन उभे होते. ती घालावी की घडी करून ठेवावी, त्यांना कळेना. भिवाआबांनी ती त्यांच्या हातून घेतली आणि चाचपडत येऊन जयवंतच्या खांद्यांवर टाकली.

जयवंतने मान खाली घातली. "आबा, मला नको."

"सत्कार नव्हे रे," आबा म्हणाले. "भिजलायस म्हणून."

तात्पर्य: ज्याच्या भरवशावर दुसरा आपला जीव पुढे घालणार, त्यात शोभेसाठीही खोटा रंग भरू नये, आणि भरला गेलाच, तर लाज न धरता त्याच घडीला सांगून टाकावं, कारण लाज सोसून माणूस फक्त भिजतो, खोट्याने दुसरे बुडतात.