वाऱ्याला पुन्हा विचारा

एका माळावर वारा मोजणारं एक केंद्र होतं. आपल्या अंगाला लागतो तो वारा नव्हे. ढगांच्याही वर, विमानं उडतात तिथला. तिथे कुणाचा हात पोचत नाही, म्हणून केंद्रातले लोक रेडिओच्या लहरी आकाशात सोडत. लहर वरच्या हवेला लागून परत येई आणि वारा कुठे चालला आहे, किती जोरात चालला आहे, ते सांगे.

याच माळावरून मोठे फुगे सोडत. फुग्याखाली यंत्रांनी भरलेली, बैलाच्या वजनाची पेटी असे. वरचं काम झालं की ती हवाई छत्रीला लटकून खाली येई. ती कुठे पडणार, हे वरचा वारा ठरवी. पूर्वेला नुसते खडक होते आणि पश्चिमेला मेंढपाळांची वस्ती. म्हणून नियम एकच होता: वरचा वारा पश्चिमेकडे वळला असेल, तर फुगा सोडायचा नाही.

एके सकाळी फुगा बघायला राजधानीहून मंत्री आले. मांडव घातला, हार आणले, बँड आणला. केंद्रप्रमुख अच्युतराव नव्या कोटात घामाघूम होऊन फिरत होते. आतल्या खोलीत यंत्रावर हेमलताबाई बसल्या होत्या. त्यांनी लहर सोडली, परत आलेली तपासली आणि आत आलेल्या अच्युतरावांना म्हणाल्या, "सर, वरचा वारा पश्चिमेकडे चाललाय. आज फुगा नको."

अच्युतरावांचा चेहरा उतरला. "आज नको म्हणून कसं चालेल? पुन्हा विचारा वाऱ्याला."

बाईंनी पुन्हा लहर सोडली. उत्तर तेच.

"पुन्हा."

तेच. बाहेर मांडवात मंत्र्यांनी घड्याळ बघितलं.

"पुन्हा!" अच्युतराव ओरडले.

लहर पुन्हा सोडायची पद्धत केंद्रात होतीच, पण ती शंका फेडण्यासाठी. इथे शंका होती कुणाला? या गृहस्थांना फक्त हवं ते ऐकायचं होतं.

तेवढ्यात वरून एक विमान गेलं. त्याची घरघर साऱ्या मांडवाने ऐकली. लहर विमानाच्या पत्र्याला लागून परत आली आणि पडद्यावर दिशा उमटली: पूर्व. हा वारा नाही, हे विमान आहे, हे त्या खोलीत दोघांनाही कळत होतं.

"बघा, आलं की नाही बरोबर?" अच्युतराव म्हणाले.

"सर, ते विमान..."

"पूर्व आलंय ना? मग पूर्व सांगा."

हेमलताबाईंनी कर्णा पुढे ओढला. मग त्यावरून मांडवाला म्हणाल्या, "वारा पूर्वेकडे चाललाय. फुगा सोडायला हरकत नाही."

फुगा वर गेला. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या आठवल्या तरी तळपायाची आग मस्तकात जाते. मंत्री जेवून परतले. दुपारी पेटी पश्चिमेला उतरली, ती थेट मायाप्पा मेंढपाळाच्या झोपडीवर. तो आत झोपला होता. जीव वाचला, पण दोन्ही पाय कायमचे गेले. कळपामागे चालणं हेच त्याचं जगणं होतं.

अच्युतराव दुसऱ्या दिवशी लोकांना म्हणाले, "वाऱ्याने ऐन वेळी दगा दिला." निर्लज्जपणाला काही सीमा? वारा विचाराल तेव्हा खरंच सांगत होता, न कंटाळता. दगा माणसांनी दिला.

हेमलताबाईंना मात्र अन्न गोड लागेना. त्या दवाखान्यात गेल्या. मायाप्पाची बायको सुंदराबाई त्याच्या उशाशी बसली होती. बाईंनी तिला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

सुंदराबाई म्हणाली, "वाऱ्यानं पैल्यांदाच खरं सांगितलं व्हतं न्हवं? मग पुन्यांदा पुन्यांदा इचारलं कशापायी?"

"साहेबांनी विचारायला लावलं."

"इचारायला त्येंनी लावलं, बाई. पर पूर्व म्हून तोंडानं कुनी सांगितलं?"

 सुंदराबाई हेमलताबाईंकडे पाठ फिरवून नवऱ्याला पाणी पाजू लागली.

तात्पर्य: खरं उत्तर मिळूनही जो तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो, तो सत्य शोधत नसतो, सोयीच्या खोट्याची वाट बघत असतो; आणि ते खोटं आहे हे जाणून जो ते बोलून दाखवतो, तो त्याच्याइतकाच गुन्हेगार असतो.